वाणापुढचं नाव

त्या बुधवारी संध्याकाळी गजाननराव, म्हणजे वंदनाचे अण्णा, कामावरून आले ते थेट मोरीत शिरले आणि कोपरापर्यंत हात चोळत बसले. दिवसभर पिकल्या मिरच्यांतलं बी काढलं होतं. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्लॉटवर त्यांची एकतीस वर्षं गेली होती. उद्या उमलणारी कळी आज चिमट्यानं सोलायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, देठाला लाल दोरा बांधायचा, आणि सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग तिला लावायचा. सातवी पास माणूस, पण कोणत्या झाडाचं कुणाशी जमेल हे त्यांना नुसत्या पानावरून कळायचं.

वंदना जेवणाच्या टेबलावर शब्दकोश उघडून बसली होती. कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची.

"काय लिहून राह्यली गं वंदू?"

"श्रेयांसचा फोन आल्ता. कंपनीच्या नव्या प्रयोगशाळेवर दगडी पाटी लावतायत. अमरचंदशेठच्या नावापुढं लॅटिन शब्द पाहिजे म्हणे, संस्थापक या अर्थाचा." अमरचंदशेठ कंपनीचे मालक, श्रेयांस त्यांचा मुलगा.

"जालन्यात लॅटिन कोण वाचणारंय? म्हशी?"

ती हसली. मग शब्द वाचून दाखवले. फुंडाटॉर, पाया घालणारा. कॉन्डिटॉर, गाव वसवणारा. आउक्टॉर, ज्याच्या हातून एखादी गोष्ट वाढीला लागली तो.

अण्णांनी शेजारी उघड्या पडलेल्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकावर बोट ठेवलं. "हे मिरचीचं नाव ना? अन् पुढं हा एकटा 'एल' कशाचा?"

"लिनिअस नावाच्या शास्त्रज्ञाचा. ज्यानं नाव दिलं, त्याची खूण लागते पुढं."

"मिरची त्यानं बनवली?"

"नाही. नुसतं नाव दिलं."

"वा रे पठ्ठ्या!" अण्णा खो खो हसले. "अन् आपल्या 'प्रेमा'च्या पुढं काय लागतं?"

'प्रेमा' ही कंपनीची सगळ्यांत खपाची मिरची. नाव शेठच्या आईचं, प्रेमबाईंचं. केली होती अण्णांनी, नऊ वर्षं खपून.

"बाजारातल्या वाणाला तसं काही लागत नाही, अण्णा. कंपनीचंच नाव असतं." ती पान उलटत म्हणाली.

"बराबर हाय," अण्णा म्हणाले, आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास प्लॉटवरच्या झुंबरबाईंचा फोन आला. अण्णा सरीत बसले ते उठलेच नव्हते. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला श्रेयांस आला. फोटोला हार घालून बराच वेळ हात जोडून उभा राहिला. लहानपणी तो अण्णांच्या सायकलवर बसून प्लॉट हिंडायचा. त्याचे डोळे खरेच भरले होते.

"दीदी, पाटीचं काम मी थांबवलंय. बाबूजी म्हणाले, काकांचंही नाव त्यावर पाहिजे. मंग खाली असं टाकू का, 'आमचे जुने, इमानदार सेवक'?"

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, आणि तेच वंदनाला जड गेलं. 'प्रेमा' अण्णांनी केली हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सांगू शकणारी ती एकटीच होती. दरवर्षी फळ्यावर 'प्रेमा' लिहून ती संकर कसा करतात ते शिकवायची. मुलं विचारायची, मॅडम, हा वाण कुणी केला? ती कंपनीचं नाव सांगायची. सहकारी प्राध्यापकांचे वडील वकील, डॉक्टर. तिचे अण्णा मातीनं मळलेल्या पायजम्यात कॉलेजच्या फाटकाशी डबा द्यायला यायचे, तेव्हा ती डबा घेऊन लगबगीनं आत वळायची.

श्रेयांस उत्तराची वाट पाहत होता. वंदनानं पदर सावरला.

"सेवक लिहू नका," ती म्हणाली. "प्रेमा माझ्या वडिलांनी केली. अकरा वर्षं मी ती वर्गात शिकवते आहे आणि हे एकदाही बोलले नाही. मला त्यांच्या कपड्यांची लाज वाटायची, श्रेयांस."