रिकाम्या पलंगाचं चित्र

मित्रांनो, मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. चित्रं भिंतीवर जातात आणि शाबासकी मिळवतात. कागदाबाहेर सांडलेला रंग तेवढा माझ्या वाट्याला येतो. तक्रार नाही, पण सांगून ठेवलेलं बरं.

एका सुताराने दाराच्या उरलेल्या फळीतून मला घडवलं. काही वर्षं मी घरांचे नकाशे काढणाऱ्या एका साहेबांकडे होतो. तिथे पट्टी सोडून रेघ जायची सोय नव्हती. पुढे त्यांच्याकडे संगणक आला आणि माझी रवानगी एका कार्यशाळेत झाली. ज्यांना लोक मतिमंद म्हणून बाजूला सारतात, अशी मोठी माणसं तिथे दिवसभरासाठी येत.

मी बेबीच्या वाट्याला आलो. केस पिकायला लागले तरी तिचं नाव बेबीच! बोलणं मोजकं, ब्रश मात्र असा दाबायची की माझी पाठ दुखावी. रागावली की लाल, खुशीत असली की हिरवा. चित्रकलेच्या बाई म्हणत, "हिला काय वाटतं ते हिला विचारू नका, कागदाला विचारा."

मग तिची आई वारली. "तिला काय कळणार?" म्हणून भावाने सांगितलं, आई गावाला गेली आहे. बेबीने काहीच विचारलं नाही. ती पलंग काढू लागली. घडी केलेलं पांघरूण, खाली चपला आणि सगळीकडे काळपट तपकिरी रंग. पलंगावर कुणीच नाही. पुन्हा पुन्हा तेच चित्र. तिचा हात इतका जड झालेला मी कधी अनुभवला नव्हता.

प्रदर्शन जवळ आलं. आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या चित्रांवरून शेवटचा हात फिरवायचा, ही बाईंची जुनी रीत. पाहुण्यांना प्रसन्न वाटायला हवं ना! त्यांनी बेबीच्या पलंगावर हसरी आई बसवली. केलं मायेनेच, पण करायला गेल्या एक आणि झालं भलतंच.

ते चित्र माझ्यावरच टाचून दारापाशी मांडलं होतं. सकाळी भावाबरोबर आलेली बेबी ते पाहून ओरडलीच.

"आई आली! दादा, घरी चल ना, आई आली!"

ती त्याचा हात ओढू लागली. पाहुणे कौतुकाने हसले. भाऊ मात्र जागचा हलला नाही.

"बेबी, आई गेली गं. आता नाही येणार ती."

बेबीने हात सोडला. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "मग बाईंनी का आणली?"

आपली बहीण इतके दिवस एकटीच रडत होती, हे भावाला तेव्हा कळलं.

त्यानंतर बेबीने ब्रश हातात धरला नाही. बाई रोज सकाळी माझ्यावर कोरा कागद लावतात आणि संध्याकाळी तसाच काढून ठेवतात. ते माझ्या जिवाला फार लागतं.

मित्रांनो, कुणी आपलं दुःख तुमच्यासमोर मांडलं, तर ते हसरं करायला धावू नका. जरा वेळ जवळ बसा. बेबीजवळ तेव्हा मी होतो, पण मी पडलो लाकडाचा. तिला माणूस हवं होतं.