व्रबोव्हस्कींच्या गढीतलं टेबल

मी टेबल बोलतोय. अर्धाच उरलोय, तेव्हा बोलणंही तुटक वाटेल.

झागोर्ये प्रांतातल्या एका टेकडीवर व्रबोव्हस्की सरदारांची गढी. थोरल्या सरदारांच्या लग्नासाठी गढीमागचा अक्रोड तोडून मला घडवलं. माझ्याभोवती मानाप्रमाणे पंगत बसायची. घरातल्या थोरल्यानं चमचा उचलल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही; त्यापायी चार पिढ्या गार सूप प्यायल्या. कुणाची मुलगी कुठे द्यायची, व्हिएन्नाच्या दरबारात कुणापुढे वाकायचं, सगळं माझ्यावर ठरलं. ऐकून ऐकून मी तेव्हाच थकलो होतो.

दुसरं महायुद्ध संपलं, नवं सरकार आलं, गढी जप्त झाली. शेवटच्या सरदारांचे मुलगे ऑस्ट्रियात पळाले. त्यांची विधवा आई, एलेओनोराबाई, हलल्या नाहीत. नवऱ्याची कबर सोडून जायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. गढीची जुनी स्वयंपाकीण याल्झा हिनं त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं.

गढीतल्या नव्या लोकांनी मला सरपणात काढलं होतं. याल्झानं मला मागून आणलं, पण तिचं दार अरुंद. कापायला बोलावलेला सुतार घुटमळला. एलेओनोराबाईंनी तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "काप."

एक अर्धा आत आला. दुसरा त्या हिवाळ्यात चुलीत गेला. दोघी त्याच्यावर शेकल्या. मला वाईट वाटलं नाही.

पहिल्या दिवशी बाई जेवायला बसल्या आणि याल्झा सवयीनं मागे उभी राहिली.

"बस ना गं," बाई म्हणाल्या.

"सवय नाही बाईसाहेब."

"मला तरी कुठे होती तुझ्या घरात राहायची?"

याल्झा बसली, अगदी कडेला. पुढे दोघी भांडू लागल्या, मीठ कमी-जास्त यावरून, तेव्हा मला हायसं वाटलं.

दोघीही गेल्या. परवा ऑस्ट्रियातल्या ग्राझहून बाईंचा नातू आला. गढीचं आता संग्रहालय झालंय, तिथे मला ठेवायचं म्हणत होता. याल्झाची मुलगी श्टेफा भाजी चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "तिथे दोरी बांधतील याच्याभोवती. तुमच्या आजीला चाललं असतं?"

 त्यानं कोट काढला आणि चिरायला दुसरी सुरी मागितली.

माझा एक पाय डुगडुगतोय, भिंतीला टेकून आहे. पॉलिश नको. मानही नको. गरम भांडी खुशाल ठेवा, डाग पडू देत. फक्त आता कुठे नेऊ नका.