दोन्ही भाग डावे

शिवणकामाच्या त्या दुकानात 'समजूतदार' हा शब्द सासूच्या ताब्यात होता. थोरल्या नातवाने खेळणं मुकाट धाकट्याला दिलं की तो समजूतदार. कपडे दोन दिवस उशिरा मिळूनही तोंड वाकडं न करणारं गिऱ्हाईक समजूतदार. सुनेच्या वाट्याला मात्र अकरा वर्षांत तो आला नव्हता. "मशीन झकास चालवते," सासू शेजारणीला सांगायची, "पण हातात कातर द्यावी एवढी समज नाही आली अजून."

आज टेबलावर डॉक्टरीणबाईंच्या वारलेल्या आईची शाल होती, जाकिटासाठी कापलेली. पुढचे दोन्ही भाग डाव्या अंगाचे निघाले होते. कापडाची उलटसुलट बाजू काल सासूला दिसलीच नव्हती. आता तशी दुसरी शाल कुठून आणायची?

डॉक्टरीणबाई तुकडे हातात घेऊन उभ्या राहिल्या. सासूने तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "चूक माझी. मीच कापलं."

सासूला क्षणभर हायसं वाटलं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. ही मला सांभाळून घेतेय. लहान पोराला घ्यावं तसं.

"शिकताना चुका होतात गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण माझ्या आईच्याच शालीवर शिकायचं होतं का तुला?"

"तिला काय विचारता," सासू म्हणाली. "कातर मी चालवली."

"राहू द्या हो आजी. सुनेची चूक पोटात घालताय. इतकी समजूतदार सासू कुठे मिळते? फक्त यापुढे माझं कापड हिच्या हाती देऊ नका."

"बरं," सून म्हणाली.

सासूचे कान तापले. तिने सुई उचलली, दोरा घेतला. "बसा डॉक्टरीणबाई. जरा बघा इकडे."

दोरा हुकला. पुन्हा हुकला. चौथ्यांदा हुकल्यावर सून पुढे झाली. "आई, द्या मी ओवते."

"हात लावू नकोस. त्यांना बघू दे, मला किती दिसतं ते."

डॉक्टरीणबाईंनी तुकडे हळूच टेबलावर ठेवले. दाराशी थांबलेली दोन गिऱ्हाइकंही आत डोकावली. सासूने मान वर केली नाही. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पुन्हा सुईसमोर धरलं.