अळणी रस्सा

शनिवारी दुपारी चार वाजता यमुनाने मिठाचा चमचा पातेल्यावर नेला आणि रोझलिन यांनी तिचं मनगट धरलं.

"मीठ नको."

"बकऱ्याचं मटण, आणि मीठ नको?"

"आई, राहू दे ना." मालविका टेबलाशी बसून नीरफणस चिरत होती. सातव्या महिन्यात तिला फार वेळ उभं राहवत नव्हतं. "जंबींना मीठ चालत नाही. म्हणजे, गेलेली माणसं. ते आपलं श्राद्ध असतं ना, सॉर्ट ऑफ तसंच."

"लोक म्हणतील, विहिणीच्या हाताला चव नाही."

मालविकाने ते सासूला इंग्रजीत सांगितलं. रोझलिन मोठ्याने हसल्या. "जेवायला येणाऱ्यांनी आजवर तक्रार केलेली नाही."

रोझलिन मॉन्टसेराटच्या. कॅरिबियनमधलं ते बेट म्हणजे समुद्रातून वर आलेले डोंगर. त्यातला एक, ज्वालामुखी, सत्त्याण्णव साली फुटला, त्यानंतर रोझलिन लहानग्या मुलाला, ऍडमला, घेऊन ब्रिस्टलला आल्या. आता ऍडमला मूल होणार होतं. ही बातमी आधी घरच्या मृतांना जेवू घालून सांगायची, अशी त्यांची रीत.

"किती पानं घेऊ?" यमुनाने विचारलं.

"आई, वडील, आत्या." रोझलिन थांबल्या. "तीन."

"आणि अंकल क्लेमंट?" मालविकाने हळूच विचारलं. "ऍडम सकाळी म्हणाला, या वेळी तरी..."

रोझलिन यांनी गॅस बारीक केला. मग त्या यमुनाशी बोलू लागल्या; मालविका मराठीत सांगत गेली. क्लेमंट त्यांचा धाकटा भाऊ. डोंगराच्या माथ्यावर, नेच्यांच्या रानात, धुक्यात एक तळं होतं. तळ्यात जलपरी केस विंचरत बसायची, आणि डोक्यावर हिरा असलेला साप तिची राखण करायचा. तिची फणी पळवून जो सापाच्या आधी समुद्र गाठेल, खजिना त्याचा.

"क्लेमंट दर सुट्टीत वर जायचा. यायचा गुडघे फोडून. म्हणायचा, पुढच्या वेळी नक्की."

"मग?"

"डोंगर फुटला त्या दिवशी शेळ्या सोडायला वर गेला. ते तळं आता नाही. आमचं गावही राखेखाली आहे. तो सापडला नाही." त्यांनी डाव काढून बशीत ठेवला. "पान मांडलं, की तो गेला."

यमुनाने तीन वाडग्यांत अळणी रस्सा वाढला. उरलेल्यात मीठ घातलं, चव घेतली, अजून चिमूटभर घातलं. मग एका ताटात हा मिठाचा रस्सा आणि पावाचे दोन तुकडे वाढून त्यावर दुसरं ताट उपडं घातलं.

"हे कुणाला?" रोझलिन यांनी विचारलं.

"आमच्याकडे ज्याला यायला उशीर होतो, त्याचं झाकून ठेवतात."

रोझलिन ताटाकडे बघत राहिल्या. "किती वेळ?"

"तसं काही ठरलेलं नसतं."

"आई, मटण आहे ते! बाहेर ठेवून सगळ्यांना आजारी पाडशील."

रोझलिन यांनी फ्रिज उघडला, दूध दारात सरकवलं आणि मधला कप्पा मोकळा केला.

संध्याकाळी ऍडम कामावरून आला. त्याने टेबलावरची तीन पानं पाहिली, आईकडे पाहिलं. पाणी घ्यायला फ्रिज उघडला.

"मम, हे कुणाचं?"

"त्याला हात लावू नकोस," रोझलिन म्हणाल्या.

रविवारी सकाळी ताट तिथेच होतं.