तिसऱ्या पाळीचा अंदाज

केरसुणीची एक हीर. वीतभर लांब, टोकाला काळी.

पुस्तकाच्या मलपृष्ठावर, सगळ्यात खाली, बारीक टायपात: पुढील महिन्यात, तिसरी पाळी.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकणावर हरीण. हरणाचा डोळा कोणीतरी नखाने खरवडलेला.

आईचं वाक्य, दर महिन्याला तेच: "शिवू नको कशाक."

बाबा दुपारी चार वाजता दचकून उठायचे आणि जेवणाचा डबा शोधायचे. गिरणी सुटून पाच वर्षं झाली होती.

अनुपमा लिहिताना कागदाकडे बघत नसे.

*

चारकोपच्या सेक्टर दोनमध्ये तेव्हा निम्म्या घरांना गिलावा नव्हता. विमलाताईंच्या घराला होता. त्या कांदिवलीच्या शाळेत मराठी शिकवायच्या आणि रविवारी दुपारी आम्हा पाच मुलींना घेऊन वाचन मंडळ चालवायच्या. १९८७ साल. मी आणि शकु आठवीत होतो.

गिरगावातल्या एका प्रकाशकाने कुमारांसाठी कादंबऱ्यांची माला काढली होती. दर महिन्याला एक पुस्तक टपालाने यायचं. मलपृष्ठावर पुढच्या पुस्तकाचं फक्त नाव. ना चित्र, ना चार ओळी. त्या नावावरून आमचा महिना जायचा.

नियम विमलाताईंचा होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकीने पुढच्या पुस्तकाचा अंदाज लिहून आणायचा, मोठ्याने वाचायचा आणि हरणाच्या डब्यात टाकायचा. पुस्तक आलं की ताई पहिली दोन प्रकरणं वाचून दाखवणार, डबा उघडणार. जिचा अंदाज सगळ्यात जवळचा, तिला पुस्तक चार दिवस घरी. पहिलं वाचन तिचं. मग बाकीच्यांचं, ओळीने. मग सगळ्यांची मिळून चर्चा.

पहिलं वाचन म्हणजे काय ते ज्याला मिळालं नाही त्याला सांगून कळणार नाही. पानं एकमेकांना चिकटलेली असतात. शाईचा वास असतो. शेवट फक्त तुला माहीत असतो आणि चार मुली तुझ्या तोंडाकडे बघत असतात.

पहिली तीन पुस्तकं मी मिळवली. 'गढीवरचा कंदील' नाव वाचून मी लिहिलं होतं: दरोडेखोर, भुयार, शेवटी मामाच चोर. मामाच चोर निघाला.

"मालनचं डोकं म्हणजे ना," शकु म्हणाली होती, "पुस्तक छापायच्या आधी हिला विचारतात वाटतं."

ते वाक्य मी बरेच दिवस जपून ठेवलं.

*

जूनमध्ये अनुपमा आली. मालाडहून. वडील अंबादास, बँकेत. त्यांच्या घराच्या दर्शनी भिंतीवर बुद्धाचं चित्र होतं आणि खाली पुस्तकांचं कपाट. कपाटाला काच. मला आधी त्या काचेचाच राग आला.

तिचा पहिला अंदाज, 'चौथी होडी'चा:

"तीन होड्या परत आल्या. चौथीची कोणी वाट बघत नाही, कारण चौथी होडी कधी गेलीच नव्हती. एक मुलगी मात्र रोज सांगते की गेली होती, आणि मी तिच्यात आहे."

माझा होता: तस्करी.

पुस्तकात तस्करीच निघाली. पुस्तक मला मिळालं. चार दिवसांनी मी ते शकुला दिलं, तिने ते वाचलं आणि रविवारी म्हणाली, "बरंय. पण अनुपमाची होडी झकास होती यार. ती मुलगी कुठे गेली गं मग?"

"कोणती मुलगी? पुस्तकात मुलगी नाहीये," मी म्हटलं.

"पुस्तकातली नाही गं. हिची."

आणि चर्चा अर्धा तास हिच्या होडीवर झाली. विमलाताईसुद्धा बोलल्या. आलेल्या पुस्तकाने टेबलावर पडून सगळं ऐकलं. मीही.

*

तिच्याकडे काय होतं:
अक्षर वाईट. माझं चांगलं.
शुद्धलेखन वाईट. दीर्घ कुठे, ऱ्हस्व कुठे, पत्ताच नाही.
अंदाज सगळे चुकीचे. जून, जुलै, ऑगस्ट, एकही बरोबर नाही.
पहिलं वाचन एकदाही नाही. त्याचं तिला काही वाटायचं नाही.

शेवटची ओळ मला सहन व्हायची नाही.

*

सप्टेंबरच्या पुस्तकावर पुढचं नाव आलं, तिसरी पाळी. आम्ही मुली एकदम खाली बघून हसलो. विमलाताई म्हणाल्या, "शब्दाला अर्थ पुष्कळ असतात. घरी जाऊन विचार करा," आणि त्यांचेही कान लाल झाले होते.

मला विचार करायची गरजच नव्हती. मी गिरणीवाल्याची मुलगी. घरी आल्यावर बाबांना विचारलं, नुसतं ऐकायला.

लवू, माझे बाबा, उद्योग वसाहतीत वॉचमन होते. गणवेश काढत म्हणाले, "तिसरी पाळी म्हणजे बारा ते साडेसात. जाताना जग निजता, येताना जग उठता. आमचो दिवस खंयच नाय."

मी ते मनात लिहून घेतलं. हे पुस्तक माझं होतं. बँकवाल्याच्या मुलीला ते कसं कळणार?

त्याच आठवड्यात मला कावळा शिवला. एका खोलीचं घर, बाजूला बसायचं कुठे? आई मला ओट्यावर पोतं घालून द्यायची. तिथे तीन दिवस. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी. भांडं वेगळं, पुस्तकाला हात नाही. सरस्वती असते. येणाजाणाऱ्याने विचारलं तर सांगायचं, कावळा शिवला. सगळ्यांना कळायचं.

अनुपमाला कळलं नाही. ती गल्लीतून येत होती, मला बघून ओट्यावर चढली आणि सरळ पोत्यावर, माझ्या खांद्याला खांदा लावून बसली.

"इथे का बसलीस?"

"कावळा शिवला."

"कुठे?" तिने माझे केस बघितले.

आतून आई ओरडली, "गो, शिवलंस तिका? आता घराक जाऊन आंघोळ कर."

"का काकी?"

मग मीच तिला कानात सांगितलं. ती ऐकत राहिली. किती दिवस, कशाला हात लावायचा नाही, पाणी कोण देतं, रात्री कुठे झोपतेस, एकेक विचारत गेली.

"आमच्यात असलं काही नसतं," ती म्हणाली. "आई म्हणते, बाबासाहेबांनी हे सगळं सोडायला लावलं." मग पोत्याचा एक दोरा ओढत, "मालन, मग तिसरी पाळी म्हणजे काय गं? तुला माहीत असणार. तुझं नेहमी बरोबर येतं."

मी रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर बांधकामाच्या वाळूचा ढीग होता.

"तीच गं," मी म्हटलं. "हीच. दुसरी कुठली असते?"

"पण पुस्तकात? मुलांच्या?"

"हल्ली लिहितात."

तिने मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवताना तिचा चेहरा अगदी मोकळा होता. शेवटच्या रविवारी विमलाताईंसमोर ही उभी राहून तो अंदाज वाचणार, मुली तोंडात ओढणी कोंबणार, आणि पुन्हा कोणी हिची होडी काढणार नाही. पोत्यावर बसून मी त्या रविवारची वाट बघायला लागले. पुस्तकाचीसुद्धा मी इतकी वाट कधी बघितली नव्हती.

*

माझा अंदाज:

"एक गिरणी आहे. मुलाचे बाबा तिसऱ्या पाळीला जातात. दिवसा घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. मुलाने बाबांना फक्त झोपलेलं बघितलं आहे. मग संप होतो. बाबा दिवसा जागे राहायला लागतात आणि मुलाला त्यांची भीती वाटते."

वाचून झाल्यावर शकु म्हणाली, "हेच असणार. मालनचंच असतं." आणि वहीच्या कोपऱ्यावर फूल काढायला लागली.

*

अनुपमाचा अंदाज. ती उभी राहून वाचत होती, कागद हातात, नजर खिडकीत:

"पहिल्या वेळी ती सांगितलं तिथे बसली. दुसऱ्या वेळी तिने विचारलं, माझा हात लागला तर पुस्तकाचं काय होतं? कोणाला माहीत नव्हतं. तिसऱ्या वेळी तिने केरसुणीची एक हीर काढून घेतली. पुस्तक उन्हात ठेवलं आणि हिरीने एकेक पान उलटून वाचायला लागली. हात लावला नाही, म्हणून कोणाला रागावता येईना. वाचता वाचता खरा कावळा आला आणि पुस्तकावर बसला. पुस्तकाला शिवला. सगळे बघत राहिले. पुस्तकाला काही झालं नाही. मग ती कावळ्याला म्हणाली, सरक, मला पुढचं वाचायचंय."

मी हसण्याची वाट बघत होते. कोणाच्याच तोंडात ओढणी गेली नाही. शकुने फूल अर्धवट सोडलं होतं.

विमलाताई खुर्चीवरच होत्या. खुर्चीमागे एक चटई गुंडाळून उभी केलेली होती, माझ्या पोत्यासारखी निराळी, कडेला निळा दोरा बांधलेली. आम्ही ती नेहमी बघायचो आणि कधी विचारलं नव्हतं. ताईंनी ती न बघता पायाने पलंगाखाली ढकलली.

"पुढे?" शकु म्हणाली. "पुढे काय वाचते ती?"

"माहीत नाही," अनुपमा म्हणाली. "पुस्तक आल्यावर कळेल ना."

पोतं माझं होतं. ओटा माझा. कावळा मला शिवला होता, आई माझी ओरडली होती. मी तिला कानात सांगितलं होतं ते सगळं माझं होतं, आणि गोष्ट तिची झाली होती. बरं, तिने चोरली म्हणावं तर हीर मी सांगितलेली नव्हती. हीर तिची.

*

पुस्तक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. ताईंनी दोन प्रकरणं वाचली. गिरणी, भोंगा, झोपलेले बाबा. डबा उघडून माझा कागद काढायचीही गरज पडली नाही. पुस्तक माझ्या हातात आलं. कोणी माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं. मुली अनुपमाकडे बघत होत्या, ओशाळल्यासारख्या, जणू आपणच तिला फसवलं.

बाहेर पडल्यावर तिने मला गाठलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"मग मला तसं का सांगितलंस?"

"तू विचारलंस तेव्हा घाईत होते."

"पोत्यावर बसून?"

ती भांडेल म्हणून मी तयार होते. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"बरं झालं गं," ती म्हणाली. "खरं सांगितलं असतंस तर मी पण गिरणीच लिहिली असती. आणि तुझ्यासारखी मला ती येत नाही. ते बाबा जागे राहतात आणि मुलगा घाबरतो, ते मला फार आवडलं. कोणी काही बोललं कसं नाही?"

कोणी काही बोललं नव्हतं. ती बोलली होती. तेही तिच्याचकडून घ्यावं लागलं.

*

चार दिवस पुस्तक माझं. पहिल्याच दिवशी कावळा शिवला.

आईने पुस्तक फळीवर ठेवलं, देवाच्या फोटोशेजारी. "शिवू नको कशाक." मी ओट्यावरून दारातून त्याचा कणा बघत बसले. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी आई नळावर गेली. बाबा आत खाटेवर होते. मला वाटलं झोपलेत.

"बाबा, ता पुस्तक जरा हंय ठेवा."

ते उठले. पुस्तक फळीवरून काढून ओट्यावर उन्हात ठेवलं, माझ्यापासून हातभर अंतरावर. विचारलं काही नाही. आत वळले.

कोपऱ्यात केरसुणी होती. मी एक हीर काढली आणि पहिलं पान उलटलं.

पान नीट उलटत नाही. हीर वाकते, पान परत पडतं. दोन पानं एकदम येतात. तरी मी बाविसाव्या पानापर्यंत गेले आणि मग लक्षात आलं की मी गिरणीत नाहीच. मुलगा गेटवर उभा होता, भोंगा वाजत होता, आणि मी मान वर करून कावळा शोधत होते.

रस्त्याच्या कोपऱ्यावर कावळे होते, वाळूच्या ढिगावर. एकही आला नाही.

आईच्या बादलीचा आवाज आला तेव्हा मी हीर केरसुणीत परत खोचली. पुस्तक उघडंच राहिलं. वाऱ्याने त्याची पानं भराभरा उलटली, शेवटपर्यंत, आणि शेवट मला फुकट दिसला. बाबा आणि मुलगा दुपारी एकत्र जेवतात. मी लिहिलं नव्हतं तरी मला आधीच माहीत होतं.

पाचव्या दिवशी पुस्तक शकुकडे गेलं.

"कसं आहे गं?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

ती पुस्तकाच्या वरच्या कडेवरून बोट फिरवत होती. तिथे काही पानांना बारीक टोचे पडलेले होते. "हे काय?"

मी म्हटलं, कावळा.

*

अनुपमाची पाळी पहिल्यांदा आली ती पुढल्या वर्षी, फेब्रुवारीत. हिरीची गोष्ट तिने त्याआधीच लिहून टाकली होती.