नरहरीच्या पाटावरची सुपारी

"अगं, तो काय तारेतून बघतोय तुला?" मार्गारेटबाय हसत म्हणाली.

मालननं तरी पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि मगच रिसीव्हर कानाला लावला. वसईजवळच्या गिरीज गावात, त्यांच्या आळीत फोन एवढा एकच, शेजारच्या मार्गारेटकडे. फोन बंगालमधल्या फरक्क्याच्या धरणावरून होता, नवऱ्याचा, नरहरीचा. नेत्राचं लग्न आठवड्यावर आलेलं. मालननं आधी तेच विचारलं, "गाडीत कधी बसताय?"

पलीकडून आधी खरखर तेवढी आली.

नरहरी पाणी मोजायचा. सरकारी भाषेत त्याच्या हुद्द्याला लांबलचक नाव होतं, पण मालन विचारणाऱ्याला एवढंच सांगायची. गंगेच्या पाण्यावरून आपला आणि बांगलादेशचा करार झाला, त्याला हे पाचवं वर्ष. एक जानेवारी ते एकतीस मे, नदी आटत जाते ते पाच महिने, रोज सकाळी आपला एक माणूस आणि त्यांचा एक माणूस एकाच बोटीत बसून पाणी मोजणार. दर दहा दिवसांच्या सरासरीवर दोन देशांचे वाटे ठरणार. आपला माणूस नरहरी. त्यांचा मोतालेबभाई. तेही आपलं घर सोडून पाच महिने फरक्क्यातच मुक्कामाला.

"मालन, इथं जरा अडलंय," नरहरी म्हणाला. "पाणी फार उतरलंय. पलीकडून तक्रार आलीय, वाटा पुरा पोचत नाही म्हणून. दोन्हीकडचे मोठे साहेब येतायत, समोर मोजणी करायला."

"मग मोजू दे की दुसऱ्याला! रजा दिलीय ना तुम्हांला?"

"रजा आहे. बदली माणूसही आलाय. पण आकड्याखाली दोघांची सही लागते. एकाची नसली तर तो दिवस धरतच नाहीत. आणि मोतालेबभाई म्हणतात, ज्याच्याबरोबर कधी मोजलं नाही, त्या नव्या माणसाच्या आकड्यावर मी या आठवड्यात सही करणार नाही."

"त्यांना सांगितलंत का, लेकीचं लग्न आहे?"

"सांगितलं. म्हणाले, दादा, तुम्ही जा, खुशाल जा. आणि लगेच म्हणाले, पण सही मी करणार नाही." नरहरी जरा हसला. "खोटं बोलायला जमतच नाही त्यांना. बिचारे जेवले नाहीत काल. गेल्या साली त्यांच्या धाकटीचा निकाह झाला, तेव्हा ते इथंच होते, बोटीत."

मालननं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तू ये म्हणालीस तर आज निघतो," तो म्हणाला. "खरंच निघतो."

लग्न पुढं ढकलता येत नव्हतं. वसईतल्याच एव्हरशाईन सिटीत राहणारा जावई पंधरवड्यात मस्कतला नोकरीवर निघणार होता. आणि कन्यादानाला जोडपं लागतं. नवरा नाही तर एकट्या बाईला त्या पाटावर बसता येत नाही, हे पन्नास लग्नं बघितलेल्या मालनला कुणी सांगायला नको होतं. थांबा म्हणायचं, तर आपलाही पाट सोडायचा.

"थांबा तिथंच," ती हळूच म्हणाली. "आणि त्यांना जेवायला घाला आज."

घरी नेत्रा ऐकून घेईना. "बाबांना त्या नदीशिवाय दुसरं कुणी आहे की नाही?"

"आहे म्हणून तर फोन ठेववत नव्हता त्यांना," मालन म्हणाली. लेकीच्या केसांत तेल चोळता चोळता तिनं बाकीचं सगळं मनातच ठेवलं.

धाकटा दीर जितेंद्र अडचणीला धावून येणारा, पण मिरवायची हौस मोठी. "वहिनी, काळजी सोडा. मी आणि यमुना बसतो कन्यादानाला. तुम्ही पाहुण्यांचं बघा." दुसऱ्याच दिवशी त्यानं सोवळ्याला नवीन पीतांबर आणला.

मालननं मान डोलावली. पाच रात्री मात्र तिचा डोळा लागला नाही. रोजचा जप चुकला नाही, पण बोटं मण्यांवर आणि मन मांडवात.

लग्नाच्या सकाळी गुरुजी पाट मांडत होते, तशी ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, बायको हजर नसली तर पुरुष सुपारी ठेवून पूजेला बसतो ना?"

"बसतो की."

"मग ह्यांच्या जागी सुपारी ठेवून मी बसले तर?"

गुरुजींनी हातातला पाट तसाच धरला. "अहो वहिनी, बायकोच्या जागी सुपारी सांगितलीय. नवऱ्याच्या जागी सांगितलेली नाही."

"चालत नाही, असंही कुठं सांगितलं नसेल ना?" तिच्या आवाजात वाद नव्हता. देवळात प्रसाद मागावा, तसं तिनं विचारलं होतं. "ते मजेत बसलेले नाहीत, गुरुजी. तिथं त्यांच्या शब्दावर सगळं अडलंय. मीच म्हटलं, थांबा."

"सुपारी बरी गो," मागून मार्गारेट म्हणाली. "मांडवात घोरत तर नाही!"

बायका फिसकन हसल्या. गुरुजींनाही हसू आवरेना. त्यांनी जितेंद्रकडे पाहिलं. तो पीतांबर नेसून तयार, चेहरा पडलेला.

मालन वळली. "भावजी, तुमचा मान मला घ्यायचा नाही. झारी तुम्ही धराल? धार तुमच्या हातानं पडू दे."

कन्यादानाला झारीतून पाणी सोडायचं काम बायकोचं. जितेंद्र क्षणभर घुटमळला. यमुनेनं त्याला कोपरानं ढोसलं, "धरा ना! वहिनी मागतायत काही तरी पहिल्यांदा."

"पण हे सगळं नव्यानं बसवायचं म्हणजे..." गुरुजी पुटपुटले, आणि त्यांनीच पाट मालनच्या शेजारी सरकवून त्यावर सुपारी ठेवली.

संकल्पात त्यांनी नरहरीचं नाव खणखणीत घेतलं. जावयाच्या ओंजळीवर मालननं लेकीचा हात ठेवून वर आपली ओंजळ धरली आणि जितेंद्रनं झारी तिरकी केली.

"धार तुटू देऊ नका," गुरुजी म्हणाले.

त्यानं तुटू दिली नाही. पाणी मालनच्या बोटांतून लेकीच्या मेंदीवर, तिथून जावयाच्या हातांवर आणि खाली काशाच्या ताटात पडत राहिलं. मालननं मान वर केली नाही.

विधी आटोपल्यावर नेत्रा नमस्काराला वाकली. आधी आईच्या पायांवर. मग शेजारच्या पाटापुढं. वाकताना शालूचा काठ लागला आणि सुपारी घरंगळत पाटाखाली गेली. नेत्रा गुडघ्यांवर बसली, मुंडावळ्या एका हातानं मागं सारल्या, चाचपडत सुपारी शोधून काढली. पदरानं पुसली आणि पुन्हा पाटाच्या बरोबर मधोमध ठेवली.