दुसरा घोट

मी भीमसिंग. वय साठ, दात सत्तावीस आणि तोंड फटकळ. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला सज्जन समजायला नको.

बारा वर्षांपूर्वी मी दारू सोडली. सुटली नाही, सोडली. या दोन्हींत फरक आहे आणि तो पिणाऱ्यालाच कळतो. औंढ्याला महाशिवरात्रीच्या जत्रेत मी माझ्या सहा वर्षांच्या पोरीला, निलमला, एका फुगेवाल्याजवळ उभं केलं, "हितंच थांब, हलू नको, आलोच" म्हणालो आणि प्यायला गेलो. तिथून जीपमध्ये बसून, गाणी म्हणत, सरळ तांड्यावर परत आलो. दारात बायकोने, नानीबाईने, विचारलं, "निलम कुठं हाय?" तेव्हा मला आठवलं की मला एक पोरगी आहे. आम्ही परत गेलो तेव्हा जत्रा पांगली होती. फुगेवाला बिचारा सगळे फुगे विकून तिच्यासाठी बसून राहिला होता, आणि ती त्याच जागेवर उभी होती. बा येतो म्हणालाय, एवढंच ती सगळ्यांना सांगत होती.

दुसऱ्या दिवशी तांड्यातल्या सेवालाल महाराजांच्या देवळासमोर, पांढऱ्या झेंड्याखाली, निलमच्या डोक्यावर हात ठेवून मी शपथ घेतली. दारूचा थेंब पोटात जाऊ देणार नाही.

निलम आता हिंगोलीला नर्सिंग शिकते. रोज पाचच्या सुमाराला वारंगा फाट्यावर एस.टी.तून उतरते, आणि मी मोटरसायकल घेऊन तिच्या आधी तिथे उभा असतो. ती म्हणते, बा, मी येईन की ऑटोने. मी ऐकत नाही. तिने गाडीतून उतरावं आणि मी समोर दिसावं, यात एक दिवसही खाडा झालेला नव्हता. नव्हता म्हणजे, गेल्या शनिवारपर्यंत नव्हता.

आता नशिबाची थट्टा बघा. ज्या घरातून मी दारू हाकलली त्याच घरातला माझा थोरला, दिपक, पुण्यात बिअर बनवायच्या कारखान्यात कामाला लागला. आधी टाक्या धुवायचा, मग हळूहळू शिकला. तिथे मोठमोठ्या कंपन्यांसारखी एकाच चवीची बिअर करत नाहीत म्हणे, थोडी थोडी करतात, दर वेळी वेगळी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चार महिने त्याच्याशी बोललो नाही. नंतर बोलायला लागलो. पोटचं पोरगं आहे, किती दिवस तोंड फिरवणार?

तर फाल्गुनात तो सुट्टी घेऊन आला. मालकाने त्याला पहिल्यांदाच स्वतःच्या मनाची बिअर करायला दिली होती. गव्हाची, काळपट, कडक. साध्या बिअरच्या दुपटीने चढणारी. तिकडे तिला गव्हाची वाईन म्हणतात, पण असते बिअरच. आणि दिपकचा हट्ट असा की गहू आपल्या वावरातला पाहिजे. कुरडईला भिजवतात तसा त्याने दीड क्विंटल गहू भिजवला, गच्चीवर पसरून मोड आणले, उन्हात खडखडीत वाळवला. त्यातला पोतंभर नानीबाईने कढईत थोडाथोडा घेऊन पार तपकिरी होईपर्यंत भाजला. कशासाठी भाजतो आहोत ते तिला माहीत होतं.

दिपकची सुट्टी संपली. जाताना म्हणाला, "बा, नव्या पोत्यांत भरून ट्रॅव्हल्सनं पाठवा." फाल्गुन म्हणजे आमच्याकडे हळदीचे दिवस, मला डोकं खाजवायला वेळ नव्हता. तरी मी चार पोती भरली, शिवली आणि फाट्यावरून गाडीच्या डिक्कीत टाकून दिली.

दोन महिन्यांनी, गेल्या शनिवारी सकाळी, तो परत आला. अचानक. चेहरा असा की मला वाटलं कुणी गेलं. जेवला नाही. दुपारी तीन वाजता अंगणात लिंबाखाली माझ्यासमोर येऊन बसला आणि पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढली.

"बा, बिगडली," तो म्हणाला. "चव चांगली लागती. पर घोट गेला की मागून कायतरी येतं. मातीवाणी, कडू. कोणालाच वळखू येऊन नाही राहिलं. मालक म्हणतो, टाकी नीट धुतली न्हाई तू. टाकी म्या हातानं धुतली, बा. दोनदा."

"मग?"

"सोमवारी सांगायचं हाय, कशानं झालं ते. मालक म्हणला, चूक समदेच करतेत, पर जो चूक वळखतो तोच माणूस मला बिअरवर पायजे. न्हाई सांगता आलं तर तीनशे लिटर गटारात, आन् मी परत टाक्या धुवाया."

मग तो माझ्याकडे बघत राहिला. का बघतोय ते मला कळलं होतं. तरणा होतो तेव्हा आमच्या भागात माझ्या जिभेचा लौकिक होता. मोहाची असो की गुळाची, थेंबभर जिभेवर ठेवली की पाणी कोणत्या विहिरीचं ते मी सांगायचो. गूळ जुना होता, मडक्याला धूर लागला होता, झाकण उघडं राहिलं होतं, सगळं सांगायचो. लोक मला मोटरसायकलवर बसवून न्यायचे. माणसाला आयुष्यात एक गोष्ट येते, आणि मला आली ती ही.

"न्हाई," चुलीपाशी बसलेली नानीबाई म्हणाली. तिने मान वरसुद्धा केली नाही.

"याडी," दिपक आईला म्हणाला, "गिळायची न्हाई. तोंडात घोळायची आन् थुकायची. आमच्याकडं तसंच करतेत."

"तुमच्याकडं बारा वर्सांमागं कोणी झेंड्याखाली शपथ घेतली न्हाई."

खरं सांगतो, इथे मी उठायला पाहिजे होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला! मी म्हणालो, "शपथ पोटाची हाय. जिभेची न्हाई." आणि बोलून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. कधीपासून तयार होतं कोण जाणे.

नानीबाई उठली. फुटक्या माठाचं बूड पडलं होतं कोपऱ्यात, ते आणून तिने माझ्यापुढे ठेवलं. घरातलं भांडं दिलं नाही. "यात थुका," म्हणाली, "पोराच्या रोटीचा सवाल हाय म्हून. मी बघून राहिले." आणि परत चुलीपाशी जाऊन बसली.

दिपकने ग्लाससुद्धा सोबत आणला होता, बुटका, पोटाला फुगीर. त्यात त्याने बोटभर ओतली. काकवीसारखा रंग, उन्हात धरली की कडेने लालसर. फेस थोडाच आला आणि बसला. "थंड नसती प्यायची ही, बा," तो म्हणाला. मी ग्लास नाकाशी नेला. करपलेली पोळी, खारीक, भाजलेल्या गव्हाची खीर. माझं वावर त्या ग्लासात होतं आणि नानीबाईची कढईही होती. पोराने केली होती ती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग घोट घेतला. गोडी आधी आली, जाड, जिभेला चिकटणारी. मग ऊब. आणि मग, मागून, टाळ्याजवळ, ते आलं. मातीसारखं, कडवट.

हळद.

एका क्षणात कळलं. जुनी पोती! त्या दिवशी नवी पोती आणायला हिंगोलीला कोण जाणार म्हणून मी कोठीतली हळदीची पोती काढली, उलटी करून झटकली आणि गहू भरला. नानीबाई तेव्हा म्हणाली होती, "हळदीची हाईत ती." मी तिच्यावर खेकसलो होतो, "हळद देवाला चालती, गव्हाला काहून न्हाई चालायची?" बिअर काळी, त्यात पिवळं कुणाला दिसणार? आणि पुण्यातल्या लोकांना हळद म्हणजे पुडीतली माहीत, पोत्यातली नाही.

मी वाकलो आणि घोट खापरात थुंकला.

"कळलं, बा?" दिपक पुढे सरकला.

आता बघा. एक शब्द बोलायचा होता. त्या एका शब्दात पोरगं सुटत होतं. आणि मी म्हणालो, "न्हाई रे. नीट कळलं न्हाई. अजून जरा दे."

का म्हणालो, याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे चूक माझी होती आणि पोरासमोर ती कबूल करायला जीभ रेटेना. हे कारण मी आता पुढे करतो, कारण ते जरा बरं दिसतं. खरं कारण हे, की 'हळद' म्हटलं असतं तर बाटलीला बूच लागलं असतं.

त्याने पुन्हा ओतली. या वेळी बोटापेक्षा जास्त. मी घोट घेतला, गाल हलवले, डोळे मिटले. मग खापरावर वाकलो आणि थुंकल्याचा आवाज केला. पोटात ऊब उतरली तेव्हा मला काय वाटलं ते सांगू? बारा वर्षांनी कुणीतरी मला नावाने हाक मारली असं वाटलं. वाईट वाटलं नाही. वाईट नंतर वाटलं.

"मातीच लागती ना, बा?" दिपक म्हणाला. त्याने छोटी वही काढली होती. "गव्हाला बुरशी धरली असंल का? वाळवताना रात्री दव पडलं व्हतं."

"असंल," मी म्हणालो. "बघू दे अजून."

तिसऱ्यांदा ओतली. तो वहीत 'दव' असं लिहून घेत होता. चौथ्यांदा मीच बाटली घेतली. तो नाही म्हणाला नाही, त्याचा माझ्यावर विश्वास होता. मी त्याला म्हणालो, पाण्याचं असेल. मग म्हणालो, कढईखालच्या लाकडाचं असेल. तो लिहीत गेला. बापाचा शब्द म्हणून लिहीत होता, आणि मी त्याला पानभर खोटं लिहून देत होतो. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक मी पाहिले आहेत, पण पोराच्या पोटावर पाय देऊन भांडं लपवणारा मी मलाच पाहिला.

चुलीपाशी हालचाल झाली. नानीबाई उठून कोठीत गेली आणि एक रिकामं पोतं घेऊन आली. दिपकच्या पुढ्यात बसली, पोतं उलटं केलं आणि त्याच्या नाकाशी धरलं.

"हुंग."

त्याने हुंगलं. मग माझ्या हातातला ग्लास माझ्या हातातच असताना वाकून हुंगला. पुन्हा पोतं, पुन्हा ग्लास. त्याचा चेहरा उजळला. एवढा उजळला की मला वाटलं, सुटलो, आता कोणी काही विचारणार नाही.

"हळद! याडी, हळद हाय! तुला कवा कळलं?"

"पैल्या घोटालाच."

"तू कुठं पेली?"

"म्या न्हाई पेली," नानीबाई म्हणाली. "म्या तुझ्या बाचं तोंड बघितलं. त्यांना जे कळायचं ते एकदाच कळतं. मला वाटलं, आता सांगतील. आता सांगतील. वाट बघितली म्या."

दिपक हसता हसता थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. बाटली अर्ध्याच्या खाली आली होती. मग त्याने खापरात पाहिलं. मीही पाहिलं. खापरात एकाच घोटाची थुंकी होती, आणि तीसुद्धा कडेने सुकायला लागली होती.

"बा," तो अगदी हळू म्हणाला, "पैल्याच घोटाला कळलं व्हतं?"

"व्हय."

"मग?"

मला राग येत होता, पण तो स्वतःचा नव्हता. ग्लासात बुडाशी थोडीच उरली आहे, याचा येत होता. इतकी लाज मला जत्रेच्या दिवशीही वाटली नव्हती. त्या दिवशी मी शुद्धीवर नव्हतो, आज होतो.

दिपकने वहीचं पान फाडलं, घडी करून खिशात घातलं. बाटली उचलली आणि लिंबाच्या आळ्यात उपडी केली. "चूक माझीच हाय," तो म्हणाला. "म्याच आणली." नानीबाई माझ्याकडे बघतही नव्हती. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या आणि वेळ निघून गेली असती.

तेवढ्यात खाटेवर ठेवलेला माझा फोन वाजला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. दिपक पुढे झाला, पण फोन मीच उचलला.

"बा, मी उतरले," निलम म्हणाली. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "तुमी दिसून नाही राहिले. कुठं हाव?"

मी तोंड उघडलं. जीभ जड झाली होती, आणि ती जीभ निलमला ओळखू आली असती. म्हणून मी काहीच बोललो नाही. दिपकने खुंटीवरची मोटरसायकलची चावी घेतली, माझ्याकडे न बघता अंगणाबाहेर गेला आणि गाडीला किक मारली.

"बा? आवाज येऊन राहिला का?" निलम म्हणाली. मला वाटलं, फोन ठेवते.

"बरं, या हळूहळू," ती म्हणाली. "मी हितंच उभी ऱ्हाते. हलत न्हाई."